जखमी खेळाडूला दया नको, हक्क हवा!

खेळाडू जिंकला की त्याची मिरवणूक निघते आणि तोच खेळाडू जायबंदी झाला की त्याच्या नावाने मदतपेटी फिरते. वर्तमानपत्रात फोटो छापून येतो, पुढारी पुठ्ठ्याचा मोठा धनादेश घेऊन रुग्णालयात जातात, टाळ्या होतात. सहा महिन्यांनी तो खेळाडू कुठे आहे, पुन्हा मैदानात उतरला की वीटभट्टीवर गेला, याची चौकशी कोणी करीत नाही. मदत झाली, पण खेळाडू परत आला का? हा प्रश्न चळवळीने विचारला पाहिजे.

उत्तर प्रदेशात आंबेडकरनगर नावाचा जिल्हा आहे. मायावती मुख्यमंत्री असताना १९९५ साली तो निर्माण झाला. याच जिल्ह्यातील अरुणिमा सिन्हा ही राष्ट्रीय पातळीवरची व्हॉलीबॉलपटू. एप्रिल २०११ मध्ये लखनौहून दिल्लीला जाताना गळ्यातील साखळी हिसकावू पाहणाऱ्या लुटारूंनी तिला धावत्या पद्मावत एक्सप्रेसमधून फेकून दिले. शेजारच्या रुळावरून गेलेल्या गाडीखाली तिचा पाय चिरडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने सुरुवातीला मदत जाहीर केली ती २५ हजार रुपयांची! देशभर संताप उसळला, तेव्हा आणखी दोन लाख जाहीर झाले. म्हणजे खेळाडूच्या पायाची किंमत ओरड किती होते त्यावर ठरली. ज्याच्यासाठी ओरडणारे कोणी नाही, त्याने काय करायचे?

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पोलिसांनी वेगळीच कथा मांडली. तिने आत्महत्येचा प्रयत्न केला असावा किंवा रूळ ओलांडताना अपघात झाला असावा, असे सांगितले गेले. या कथेचा कायदेशीर अर्थ वाचकांनी समजून घ्यावा. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४ अ नुसार लुटारूंच्या हल्ल्यात किंवा अपघाताने गाडीतून पडून प्रवासी जखमी झाला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावीच लागते. पण तो आत्महत्येचा प्रयत्न ठरला तर या कलमाखाली एक पैसाही मिळत नाही. ही कथा टिकली असती तर अरुणिमाच्या अब्रूबरोबर तिचा हक्कही गेला असता. तरीही अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने रेल्वेला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २५ हजार ही दया होती, पाच लाख हा हक्क होता. दया घेताना मान खाली जाते, हक्क घेताना ती ताठ राहते. व्हॉलीबॉलचे मैदान सुटले, पण बचेंद्री पाल यांच्या मार्गदर्शनाखाली गिर्यारोहण शिकून २१ मे २०१३ रोजी अरुणिमा कृत्रिम पायाने एव्हरेस्टवर पोहोचली.

मग लोकांनी वर्गणी काढूच नये का? तसे मुळीच नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय अधू झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि त्यातूनच नवा जलतरणपटू घडला. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या पुढाकारातील एका स्वयंसेवी संस्थेने त्यांच्या परदेश प्रवासाचा भार उचलला. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये विश्वविक्रमी वेळ नोंदवून सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. मर्चंट यांच्या संस्थेने अपंगाच्या हातावर औषधपाण्यापुरते पैसे टेकवले नाहीत. तिने खेळाडूला स्पर्धेचे तिकीट काढून दिले. देणगी द्यायची तर अशी! आणि सरकार? पेटकरांनी १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. पदकानंतर बावन्न वर्षांनी! एका सज्जनाची देणगी एका पेटकरांना हायडेलबर्गला नेऊ शकते; पण तशा शेकडो जायबंदी खेळाडूंना मैदानात आणण्याची व्यवस्था उभी करू शकत नाही.

हा भेद बाबासाहेबांनी फार पूर्वी सांगून ठेवला आहे. १९३२ च्या नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना त्यांनी बोटीवरून अमृतलाल ठक्कर यांना पत्र लिहिले. अस्पृश्यता निवारणासाठी नव्याने निघालेल्या संघाने व्यायामशाळा, वाचनालये अशा कामांतून व्यक्तीचे गुण वाढवण्यावर शक्ती खर्च करू नये. पाणवठा, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने येथील नागरी हक्कांसाठी मोहीम काढावी, असा त्या पत्राचा आशय होता. बाबासाहेबांना व्यायामशाळेचे वावडे नव्हते. ज्या परिस्थितीने माणसाला खाली दाबले ती तशीच ठेवून चार व्यक्तींना वर काढण्याला त्यांचा विरोध होता. जखमी खेळाडूंच्या मदतीलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

हक्क कोणते आहेत? संविधानाचे अनुच्छेद ४१ आजारपण आणि अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकते. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, थेट न्यायालयात बजावता येत नाही, हे खरे. पण दिव्यांग हक्क कायदा २०१६ चे कलम ३० क्रीडा सुविधा आणि त्यासाठी निधी देण्याचे कर्तव्य शासनावर घालते. क्रीडा कोट्यातून सरकारी नोकरीत लागलेला खेळाडू सेवेत असताना अपंग झाला, तर कलम २० नुसार त्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. केंद्राचा खेळाडू कल्याण निधी १९८२ पासून आहे. आज त्याला दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव आहे. नाव कोणाचेही असो, पैसा जनतेचा आहे! सराव करताना वा स्पर्धेत झालेल्या दुखापतीसाठी त्यातून साहाय्य मागता येते. मात्र तो प्रामुख्याने वरच्या पातळीवर पोहोचलेल्या खेळाडूंसाठी आहे.

आपली पोरे खेळतात ती गावच्या मातीवर. कबड्डीत गुडघ्याचा लिगामेंट तुटला की शस्त्रक्रिया करावी लागते आणि मैदानात परतायला बहुधा नऊ महिने ते वर्ष लागते. वर्गणी शस्त्रक्रियेच्या बिलापाशी संपते. खरी लढाई टाके काढल्यानंतर सुरू होते. फिजिओथेरपी, खुराक, तालुक्याला जाण्यायेण्याचे भाडे आणि घरातली बुडालेली मजुरी यांची बेरीज कोणीच करीत नाही. ऊसतोड मजुराचा मुलगा वर्षभर बिनकामाचा कसा बसेल? आणि मुलगी असेल तर? गुडघा बरा होण्याआधीच तिचे लग्न ठरते.

म्हणून भीमजयंतीनिमित्त कबड्डी, कुस्तीचे सामने भरवणाऱ्या मंडळांना काही सूचना कराव्याशा वाटतात. बक्षिसाच्या रकमेइतकेच लक्ष खेळाडूंच्या विम्याकडे द्या. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये आहे. तो प्रत्येकाचा भरलेला असावा. पण त्यातून मृत्यू वा कायमच्या अपंगत्वाचीच भरपाई मिळते, तुटलेल्या लिगामेंटची नाही. त्यासाठी प्रवेश शुल्कातला काही भाग वेगळा काढा. वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे रीतसर कळवा, स्वतंत्र बँक खाते ठेवा आणि जमाखर्च विहाराच्या फलकावर लावा. पैसे एकदम हातात न देता उपचाराच्या टप्प्याटप्प्याने द्या. खेळाडू मैदानात उतरेपर्यंत एका कार्यकर्त्यावर त्याची जबाबदारी सोपवा. आणि त्याचबरोबर सरकारकडे अर्जही करा. नकार आला तर लेखी घ्या. लेखी नकाराविरुद्ध लढता येते, तोंडी आश्वासनाविरुद्ध नाही.

धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले. त्या दानात उपकाराची भावना नव्हती. ते प्रत्येकाचे कर्तव्य होते. ज्याला दिले त्याने वाकावे, अशी अपेक्षा दान पारमितेत बसत नाही. जखमी खेळाडूसाठी काढलेली आपली वर्गणी अशीच असू द्या आणि शासनाचे कर्तव्य शासनाकडून वसूल करायला विसरू नका. वर्गणीने त्याला उभे करू, हक्काने त्याला खेळवू!