सूर्यग्रहण आणि डोळ्यांची निगा

ग्रहण लागलें म्हणजे परातींत पाणी घेऊन त्यांत सूर्याचें प्रतिबिंब पाहण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. प्राचीन ग्रीसमध्येंहि ती होती. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादांत सॉक्रेटिस तिचा उल्लेख करितो. सूर्याकडे सरळ पाहूं नये, हें शहाणपण तींत आहे. परंतु उपाय अपुरा आहे. माथ्यावरून पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारें ५० वा हिस्सा पाणी परत फेकतें. डोळ्यांत मात्र ३०,००० हिश्श्यांपैकीं एकाहून अधिक प्रकाश जातां कामा नये.

डोळ्यांतील भिंग सूर्याचे किरण दृष्टिपटलावर एकवटतें, आणि त्या पटलास वेदना कळविणारे मज्जातंतूच नाहींत. इजा होतांना कांहींच जाणवत नाहीं. कांहीं तासांनीं, पुष्कळदां दुसऱ्या दिवशीं सकाळीं, दृष्टीच्या मध्यभागीं डाग दिसूं लागतो. एरव्हीं डोळे दिपून मान आपोआप वळते. ग्रहणांत सूर्याची कोरच उरली कीं दिपणें कमी होतें व मनुष्य निर्धास्तपणें टक लावतो. ती कोर मात्र पूर्ण सूर्याइतकीच प्रखर असते.

काजळी धरलेली कांच, क्ष-किरणांची फिल्म किंवा उन्हाचा चष्मा यांचा धोका हाच. दृश्य प्रकाश मंद होतो, बाहुली विस्फारते, आणि अदृश्य अवरक्त किरण आंत शिरतात. डोळ्यांस सुसह्य वाटणें ही सुरक्षिततेची खूण नव्हे.

‘आय. एस. ओ. १२३१२-२’ या मानकास उतरलेला ग्रहणाचा चष्मा किंवा १४ क्रमांकाची वेल्डिंगची कांच वापरावी. ओरखडा असल्यास ती टाकून द्यावी. असा चष्मा लावूनहि दुर्बिणींतून पाहूं नये. याहून सोपी युक्ति पुठ्ठ्याची. त्यास टाचणीनें छिद्र पाडावें, सूर्याकडे पाठ करावी, आणि खांद्यावरून येणारा कवडसा एक मीटर दूरच्या पांढऱ्या कागदावर घ्यावा; सुमारें ९ मिलिमीटर रुंदीचा ग्रस्त सूर्य तेथें उमटतो. दाट झाडाखालचे कवडसेहि त्या वेळीं चंद्रकोरीसारखे होतात.

खग्रास स्थितींत, सूर्यबिंब पूर्ण झांकलेलें असेपर्यंतच, उघड्या डोळ्यांनीं पाहतां येतें. २ ऑगस्ट २०२७ चें ग्रहण मुंबईहून खंडग्रासच दिसावयाचें आहे. म्हणून तेथें असा एकहि क्षण नाहीं. पावसाळी विरळ ढग आड आले, तरी नियम तोच.