चौघांनी मिळून शंभर किलोमीटर: हाँगकाँगचा ट्रेलवॉकर

हाँगकाँगमधील ‘ट्रेलवॉकर’ हा उपक्रम १९८१ साली ब्रिटिश सैन्यातील गुरखा जवानांचा सराव म्हणून सुरू झाला आणि १९८६ पासून ऑक्सफॅम या दारिद्र्यनिर्मूलनासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या साथीने तो सर्वसामान्यांसाठी खुला झाला. चार जणांच्या चमूने डोंगराळ मॅक्लेहोज मार्गावरील १०० किलोमीटर अंतर ४८ तासांच्या आत एकत्र चालून पार करणे, हे त्याचे मूळ स्वरूप होय.

चौघांनी सोबत राहायचे असल्याने चमूची गती सर्वांत मंद चालणाऱ्यावर ठरते. म्हणूनच सरावही एकत्रच करावा लागतो. आठवड्यातून एकदा लांब पल्ला चालून तो हळूहळू वाढवणे, चढ-उतारांची सवय करणे, डोक्याला बांधायच्या दिव्याच्या, म्हणजे हेडलॅम्पच्या, उजेडात रात्री चालून पाहणे आणि प्रत्यक्ष दिवशीचेच बूट-मोजे आधी वापरून पाहणे, ही या तयारीची मुख्य अंगे आहेत; कारण घर्षण आणि ओलावा यांमुळे पायांना येणारे फोड भल्या तंदुरुस्त माणसालाही थांबवू शकतात.

निधिसंकलन हे या उपक्रमाचे दुसरे पाऊल असून, त्यात प्रत्येक चमू आप्तेष्टांना आणि सहकाऱ्यांना देणगीचे आवाहन करतो. चालणाऱ्यांचे कष्ट देणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसतात, त्यामुळे मागणाऱ्याच्या शब्दाला वजन येते आणि दूरच्या गरजूंशी दोघांचेही नाते जुळते. या पदयात्रेचे खरे मोल त्यातच आहे.