पोर्तुगालची वेळ, स्पेनची वेळ

लिस्बन : ग्वादियाना नदीच्या पश्चिम तीरावरील आल्कोतिं या पोर्तुगीज गावात सकाळचे ९ वाजतात, तेव्हा समोरच्या तीरावरील सान्लुकार या स्पॅनिश गावात १० वाजलेले असतात. दोन्ही गावांना सूर्य जवळजवळ एकाच क्षणी दिसतो. तासाचा हा फरक विसाव्या शतकातील शासकीय निर्णयांतून आलेला आहे.

पृथ्वी एका तासात १५ रेखांशांइतकी फिरते आणि शून्य रेखांशाचे ग्रिनिच रेखावृत्त स्पेनच्या पूर्व भागातून जाते. त्यामुळे स्पेनने १९०१ पासून आणि पोर्तुगालने १९१२ पासून ग्रिनिचची वेळ स्वीकारली, हे भूगोलाला धरूनच होते. पुढे १६ मार्च १९४० रोजी हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने घड्याळे एक तास पुढे केली आणि स्पेन मध्य युरोपीय वेळेवर, म्हणजे जर्मनीत प्रचलित असलेल्या वेळेवर गेला. महायुद्ध संपल्यावरही तो पूर्वीच्या वेळेवर परतला नाही.

पोर्तुगालनेही ही वेळ दोनदा अनुभवली. १९६६ ते १९७६ या दशकात तेथील घड्याळे वर्षभर ग्रिनिचच्या एक तास पुढे होती. नंतर, १९८६ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेश केलेल्या या देशाने १९९२ मध्ये युरोपातील बाजारपेठांशी व्यवहार सुकर व्हावेत म्हणून मध्य युरोपीय वेळ पुन्हा स्वीकारली. परंतु लिस्बन ग्रिनिचच्या सुमारे ९ अंश पश्चिमेस असल्याने डिसेंबरअखेरीस तेथे सूर्योदय पावणेनऊनंतर होऊ लागला आणि जूनमध्ये सूर्यास्त रात्री दहापर्यंत लांबला. मुलांना अंधारात शाळेत जावे लागे आणि उन्हाळ्यात त्यांना वेळेवर झोपवणे कठीण होई, अशा तक्रारी वाढल्या. अखेर १९९६ मध्ये सरकारने जुनी वेळ पुन्हा लागू केली.

युरोपीय संघात ऋतूनुसार घड्याळ बदलण्याची प्रथा बंद करण्याचा प्रस्ताव २०१८ मध्ये पुढे आला, तेव्हा पोर्तुगालचे तत्कालीन पंतप्रधान आंतोनियु कोश्ता यांनी लिस्बनच्या खगोलशास्त्रीय वेधशाळेचे मत प्रमाण मानून प्रचलित पद्धत कायम ठेवण्याची भूमिका घेतली. व्यापारासाठी शेजाऱ्याची वेळ घेणे राज्याला सोयीचे वाटू शकते, पण त्या सोयीची किंमत सामान्य कुटुंबांना रोज पहाटे मोजावी लागते. ही किंमत ओळखून, घेतलेला निर्णय मागे घेण्याची तयारी पोर्तुगालने दाखवली, हे त्या देशाच्या लोकशाहीचे मोठेपण मानले पाहिजे.