पर्ल मॉड्यूलच्या नावांतील अक्षरभेद

पर्ल या संगणकभाषेत मॉड्यूल मागवताना त्याच्या नावातील मोठी व लहान रोमन अक्षरे तंतोतंत जुळली नाहीत, तर उद्भवणारे दोष व त्यांचा शोध हा या लेखाचा विषय आहे. देवनागरीत असा भेदच नसल्याने मराठी विद्यार्थ्याच्या नजरेतून तो सहज निसटतो.

'यूझ डेटा::डम्पर' ही आज्ञा मिळताच पर्ल प्रथम 'डेटा' फोल्डरातील 'डम्पर.पीएम' ही संचिका शोधून वाचते आणि नंतर त्याच नावाच्या पॅकेजमधील 'इम्पोर्ट' हे फंक्शन बोलावते. संचिका शोधण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमकडे असते. विंडोज व मॅकओएसच्या नेहमीच्या मांडणीत तेथे अक्षरभेद पाहिला जात नाही. पर्ल मात्र पॅकेजच्या नावात तो कटाक्षाने पाळते. 'डम्पर'चे पहिले अक्षर चुकून लहान लिहिले तरी संचिका सापडते. त्या नावाचे पॅकेज मात्र नसते, आणि 'इम्पोर्ट' न सापडणे ही पर्लच्या लेखी चूक नव्हे. त्यामुळे आज्ञा निमूट पार पडते व पुढे 'डम्पर' हे फंक्शन वापरताच ते अस्तित्वात नसल्याची तक्रार येते. लिनक्सवर हीच चूक त्या आज्ञेच्या ओळीतच उघडी पडते. 'स्ट्रिक्ट'च्या बाबतीत तर शिस्त लागू न होताच प्रोग्रॅम चालू राहिला असता. म्हणून 'स्ट्रिक्ट' व 'वॉर्निंग्ज' आपल्या संचिकेचे नाव स्वतःच तपासतात आणि ते न जुळल्यास काम थांबवतात.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुकावार पावसाची बेरीज ठेवणारे 'पाऊस' नावाचे मॉड्यूल कल्पावे. प्रोग्रॅम चालू असताना तेच मॉड्यूल वेगळ्या अक्षरभेदाने पुन्हा मागवले, तर पर्ल ते नवे समजून संचिका दुसऱ्यांदा वाचते. फंक्शने नव्याने घडतात, बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते. फंक्शन पुन्हा घडल्याचा इशारा मिळतो, पण इशारे चालू असतील तरच.

वाचलेल्या संचिकांची यादी '%आयएनसी' या हॅशमध्ये असते. ती छापून पाहिली की एकाच संचिकेच्या दोन नोंदी लगेच दिसतात. शोधाची सुरुवात येथूनच करावी. मॉड्यूलच्या नावापुढे किमान आवृत्तीचा क्रमांक लिहिण्याची सवयही उपयोगी ठरते, कारण चुकीच्या नावाच्या पॅकेजची आवृत्ती तपासताना पर्ल तेथेच थांबते. २०२४ मधील ५.४० आवृत्तीपासून, नसलेल्या 'इम्पोर्ट'ला फंक्शनांची यादी दिल्यास पर्ल इशारा देते. नुसत्या नावावर मात्र ती आजही गप्पच राहते.

याच कारणाने मॅकवर एक प्रसिद्ध घोटाळा झाला होता. 'एलडब्ल्यूपी' या पर्ल संग्रहासोबत मोठ्या अक्षरांतील 'हेड' नावाची आज्ञा येत असे. संग्रह बसवताना ती लहान अक्षरांतील मूळ 'हेड' आज्ञेवरच लिहिली गेली आणि संचिकेच्या पहिल्या ओळी दाखवणारे ते नित्याचे साधन नाहीसे झाले.