ताण धरून ठेवला की

इनकोनेल ७१८ चा तुकडा ६५० अंश सेल्सियसच्या भट्टीत नुसता ठेवून दिला, तर शेकडो तासांनीही त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा जेमतेम मायक्रॉनभर थर चढतो. हा थरच खालच्या धातूला सांभाळतो. त्याच तुकड्यात आधी एक बारीक भेग पाडा आणि त्याच तापमानाला त्याला ताणून धरा. तासाभरात भेग मिलिमीटरचा काही अंश पुढे सरकलेली दिसेल. म्हणूनच या मिश्रधातूच्या ऑक्सिडेशनचा अंदाज भट्टीत ठेवलेल्या तुकड्याच्या वजनवाढीवरून बांधणं मला धोक्याचं वाटतं.

७१८ चं पेटंट १९६२ सालचं, हर्बर्ट आयसेलस्टाइन यांच्या नावावर. निम्म्याहून थोडं जास्त निकेल, क्रोमियम आणि लोखंड प्रत्येकी १८-१९ टक्के, निओबियम पाचेक टक्के. जेट इंजिनांच्या टर्बाइन डिस्क वर्षानुवर्षं याच्याच बनत आल्या आहेत. पातं तुटलं तर इंजिनाचं आवरण ते अडवू शकतं, डिस्क फुटली तर नाही. २८ ऑक्टोबर २०१६ ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर बोइंग ७६७ च्या उजव्या इंजिनातली ७१८ ची डिस्क उड्डाणासाठी धावतानाच फुटली आणि तिचा एक तुकडा जवळजवळ नऊशे मीटरवरच्या गोदामाचं छप्पर फोडून आत गेला. तिथं मूळ कारण धातूतला आतला दोष होतं, ऑक्सिडेशन नव्हे. पण डिस्कमधली भेग किती वेगानं वाढते याची मोजणी इतक्या काटेकोरपणे का करतात, ते या एका घटनेवरून समजतं.

ही मोजणी दिसायला अगदी संथ असते. खाच पाडलेलं सॅम्पल मशीनच्या दोन दांड्यांमध्ये पिनांनी अडकवलेलं, भोवती भट्टी, खाचेजवळ स्पॉट-वेल्ड केलेले थर्मोकपल. सॅम्पलमधून स्थिर विद्युतप्रवाह सोडतात आणि खाचेच्या दोन्ही बाजूंमधला व्होल्टेज मोजतात. भेग वाढली की व्होल्टेज काही मायक्रोव्होल्टनं चढतो. खोलीचं दार उघडून वाऱ्याची झुळूक आली तरी आकडा हलतो, म्हणून टेस्ट चालू असताना आत-बाहेर करणाऱ्यांवर सगळेच डाफरतात. लोड एका सेकंदात चढवायचा, नव्वद सेकंद धरायचा, एका सेकंदात उतरवायचा. या धरून ठेवण्याला ‘होल्ड’ म्हणतात. पडद्यावर नीट पाहिलं तर लोड जागचा हललेला नसतानाही रेष वर सरकत असते. भेग वाढते ती याच वेळात. होल्ड काढून टाकला आणि लोड भराभर वर-खाली केला, की प्रत्येक फेरीतली वाढ एकदम आटोक्यात येते.

मग तीच टेस्ट, तेच तापमान, तोच होल्ड, पण निर्वात कक्षात. भेगेचा वेग शंभर पटींपर्यंत खाली येतो. धातू तोच आणि ताणही तोच, फक्त हवा काढून घेतलेली. इतका स्वच्छ पुरावा धातुशास्त्रात क्वचितच हाती लागतो.

टेस्ट संपल्यावर सॅम्पल थंड करून उरलेला भाग साध्या तापमानाला उघडतात. ताजा भाग रुपेरी, गरम असताना वाढलेला भाग रंगलेला: खाचेपाशी काळपट निळा, टोकाकडे पिवळसर, कारण टोकाला हवा सर्वांत शेवटी मिळाली. भेग मधोमध पुढे आणि कडांना मागे असते, त्यामुळे बाहेरून दिसणाऱ्या लांबीवर विसंबून चालत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली निर्वातातल्या सॅम्पलमधली भेग धातूच्या कणांना आरपार छेदत गेलेली दिसते. हवेतल्या सॅम्पलचा पृष्ठभाग मात्र खडीसाखरेच्या खड्यांसारखा, प्रत्येक कण आपल्या सीमेवर सुटून मोकळा झालेला.

असं का होतं? भेगेच्या टोकाशी कणांच्या सीमा ताणामुळे सैल होतात आणि ऑक्सिजन त्यांच्यातून आत शिरतो. सुरुवातीला तिथं निकेल आणि लोखंडाचे सच्छिद्र, कुचकामी ऑक्साइड तयार होतात. संरक्षक क्रोमियम ऑक्साइड जमायला थोडा वेळ लागतो, आणि ताण कायम असला तर तो जमण्याआधीच टोक पुन्हा उघडतं, नवा धातू हवेला भेटतो. प्रत्यक्ष ऑक्साइडचा सुळका सीमेत घुसून फुटतो की ऑक्साइड होण्याआधीच सुटा ऑक्सिजन सीमा ठिसूळ करतो, यावर अभ्यासकांचे दोन पक्ष आहेत. मला दुसरं स्पष्टीकरण वेगवान भेगांना जास्त लागू वाटतं, कारण ऑक्साइड साठायला त्यांच्या टोकाशी सवडच नसते.

उपायही याच सीमांपाशी शोधावे लागतात. कण मोठे ठेवले तर होल्डमधली भेग मंदावते, पण मग भराभर वर-खाली होणाऱ्या लोडखाली भेग सुरूच लवकर होते. त्यामुळे नव्या पिढीच्या काही डिस्कवर दोन भागांत वेगळी उष्णता-प्रक्रिया करतात: ताण जास्त पण तापमान कमी असलेल्या मध्यभागी बारीक कण, आणि तापलेल्या कडेला मोठे.