रनिंग बॅकवर २ नंबरचा पिक? जायंट्सचं नक्की काय चुकलं

हा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना दोनदा आकडे चुकलो होतो, ते इथे नीट केलेत.

न्यू जर्सीत ऑनसाइट असताना माझा रूममेट होता नाशिकचा, आणि जायंट्सचा कट्टर फॅन. त्याचं एक ठाम मत: "सेक्वॉन बार्कलीला घेतलं तिथेच आमचं वाटोळं झालं." आणि हे बोलताना अंगात बार्कलीचीच २६ नंबरची जर्सी! म्हणून आज हाच प्रश्न घेऊ: कॉलेजमधला भारी रनिंग बॅक समोर असेल, तर टीमने त्याला ड्राफ्टमध्ये घ्यावं का?

आधी थोडं बेसिक. रनिंग बॅक म्हणजे बॉल पोटाशी धरून समोरच्या गर्दीतून पळणारा माणूस. कबड्डीतल्या रेडरसारखा वाटतो, पण फरक मोठा आहे. रेडर एकटा जातो. इथे पुढे पाच धिप्पाड गडी असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. त्यांनी वाट मोकळी केली तरच हा पळणार. आणि ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. इथे पैशाची बोली नाही, नंबर लागतो. ढोबळमानाने, मागच्या वर्षी जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला.

२०१७ मध्ये जायंट्स १६ पैकी १३ मॅच हरले, म्हणून २०१८ मध्ये त्यांना २ नंबरचा पिक मिळाला. त्यांनी पेन स्टेटचा बार्कली घेतला. पोरगा खरंच कमाल होता. पहिल्याच वर्षी धावून आणि कॅच घेऊन मिळून २,०२८ यार्ड, वर रूकी ऑफ द इयर. आणि टीम? ५ जिंकल्या, ११ हरल्या. पुढच्या वर्षी ४ आणि १२.

आता मुद्द्याचं गणित. २०११ पासून ड्राफ्टमधल्या पोरांचा पगार जवळपास पिकच्या नंबरावर ठरतो, तो कुठल्या जागी खेळतो त्यावर नाही. आपल्या कॅम्पस प्लेसमेंटसारखंच, एकाच बॅचला एकच पॅकेज, मग तुम्ही टेस्टिंगला जा नाहीतर डेव्हलपमेंटला. २ नंबरला चार वर्षांचे साधारण ३.१ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला ७८ लाख. त्याच वर्षी बाजारात कर्क कझिन्स या क्वार्टरबॅकला वर्षाला २.८ कोटी मिळाले. रनिंग बॅकचा वरचा भाव होता सुमारे १.४५ कोटी, तोही लेव्हिऑन बेलच्या एका वर्षाच्या टॅगचा. म्हणजे तुमचा पिक खरंच सर्वोत्तम निघाला, तर क्वार्टरबॅकवर वर्षाला दोन कोटी वाचतात आणि रनिंग बॅकवर जेमतेम ६७ लाख. प्रत्येक टीमला खर्चाची मर्यादा सारखीच, तेव्हा हे वाचलेले पैसेच बाकीची टीम उभी करतात. त्या ड्राफ्टमध्ये जॉश ॲलन ७ नंबरला गेला, लमार जॅक्सन थेट ३२ ला. (रूममेटसमोर ही नावं काढायची नाहीत, असा आमच्या फ्लॅटचा नियम होता.)

पण पैशापेक्षा मला वेळेचा मुद्दा मोठा वाटतो. रनिंग बॅक दर मॅचला पंधरा-वीस वेळा आपटला जातो. २०२० मध्ये दुसऱ्याच मॅचला बार्कलीच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. लाइन तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात, आणि तोवर या माणसाची चांगली वर्षं निघून जातात. फाउंडेशन ओलं असताना वर महागड्या टाइल्स बसवल्यासारखं झालं हे.

आणि त्याच्या बाजूनेही बघा ना. शाळेनंतर तीन वर्षं थांबल्याशिवाय एनएफएलमध्ये येता येत नाही. मग चार वर्षांचा करार, पाचवं वर्ष टीमच्या मर्जीवर, वर फ्रँचायझी टॅग, म्हणजे अजून एक वर्ष. आपल्याकडे दोन वर्षांच्या बाँडवर लोक किती चिडतात! बार्कली मोकळा झाला २०२४ मध्ये, २७ व्या वर्षी. या जागेवर त्या वयात टीम्स 'आता उतरणीला लागला' असंच म्हणतात.

मग तो कुठे गेला? दीड-दोन तासांवर, फिलाडेल्फियाला. जायंट्सच्या पक्क्या वैऱ्यांकडे. २०२३ मध्ये जायंट्सकडून दर धावेमागे त्याचे ३.९ यार्ड होते, ईगल्सकडे ते ५.८ झाले. सीझनचे २,००५ यार्ड, आणि आपल्या २८ व्या वाढदिवशी सुपर बोल जिंकला. माणूस तोच, पुढची लाइन वेगळी. त्या लाइनमधला जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळाडू. अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच न खेळलेला. ईगल्सनी त्याला त्याच २०१८ च्या ड्राफ्टमध्ये २३३ नंबरला घेतलं होतं आणि वर्षानुवर्षं घडवलं!

म्हणून 'रनिंग बॅक घेऊच नका' हे मला पटत नाही. २०२३ मध्ये लायन्सनी जहमीर गिब्सला १२ नंबरला घेतलं तेव्हा लोक हसले होते. पण त्यांची लाइन आधीच तयार होती, आणि त्याच सीझनला ते सुपर बोलपासून एक मॅच दूर होते. माझं मत विचाराल तर लाइन भक्कम असेल तर पहिल्या राउंडच्या मध्यापासून पुढे बिनधास्त घ्या. पण टीमच मोडकी असेल आणि पिक पहिल्या पाच-सातातला असेल, तर नाही. कितीही भारी पोरगा असला तरी नाही.

२०२५ मध्ये रेडर्सनी बॉइझी स्टेटच्या ॲश्टन जेंटीला ६ नंबरला घेतलं. कॉलेजच्या शेवटच्या सीझनला २,६०१ यार्ड, बॅरी सँडर्सच्या १९८८ च्या विक्रमापेक्षा फक्त २७ कमी. आणि रेडर्स? आधीच्या सीझनला धावण्यात अख्ख्या लीगमध्ये शेवटचे. लाइन न बांधता जेंटी घेणं तुम्हाला पटतं का, ते व्हॉइस नोट पाठवून सांगा. रूममेटची नोट आधीच आलीये, चार मिनिटांची आहे, पुढच्या भागात ऐकवतो.