चोक हलका कसा झाला

जुनी ट्यूब आधी दोन-तीनदा लुकलुकायची आणि मग पेटायची. चोक गुणगुणत राहायचा. व्होल्टेज पडलेलं असलं की नुसती टोकं तांबूस व्हायची, उजेड नाहीच. इलेक्ट्रॉनिक चोक आला आणि हे सगळं बंद झालं.

ट्यूबला चोक लागतो, कारण आतल्या वायूतून एकदा प्रवाह सुरू झाला की त्याचा रोध घटत जातो. मोकाट सोडला तर प्रवाह क्षणात भडकेल. चोक ही त्याची वेसण. जुन्या चोकात लोखंडी पत्र्यांच्या थप्पीवर तांब्याची तार गुंडाळलेली असे. ४० वॉटच्या ट्यूबमागे दहाएक वॉट हा चोकच उष्णतेच्या रूपात गिळायचा.

इलेक्ट्रॉनिक चोक घरातल्या २३० व्होल्टच्या एसीचं आधी सुमारे ३२५ व्होल्टचं डीसी करतो. मग दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालू-बंद होऊन त्याचं पुन्हा एसी करतात, पण ५० हर्ट्झचं नव्हे, ४० हजारांच्या आसपासचं. खरी करामत इथे आहे. वारंवारता ८०० पट वाढली की तेवढ्याच अडथळ्याला ८०० पटींनी कमी प्रेरकत्व पुरतं. जड लोखंडी थप्पीच्या जागी फेराइटवरच्या छोट्याशा वेटोळ्यावर भागतं. २० हजारांच्या वरचा आवाज आपल्या कानांना कळत नाही, म्हणून गुणगुण गेली.

उजेडही वाढतो. ५० हर्ट्झवर प्रवाह सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो आणि दर वेळी आतला आयनित वायू विझू लागतो. ४० हजारांवर त्याला विझायला सवडच मिळत नाही. तेवढ्याच विजेत सुमारे दहा टक्के जास्त प्रकाश. कारखान्यातला फायदा तर जिवाशी निगडित आहे: जुन्या ट्यूबच्या लुकलुकीत फिरतं लेथ कधीकधी थांबल्यासारखं दिसे.

मात्र स्वस्त चोकांनी ट्यूबचे हालच केले. चांगला चोक आधी टोकांच्या तारा तापवतो आणि मगच मोठं व्होल्टेज देतो. स्वस्त चोक थंड तारांवरच झटका मारतो. त्यांच्यावरचा लेप उडतो आणि टोकं काळी पडतात. संध्याकाळी एकदाच लागणाऱ्या दिवाणखान्यातल्या ट्यूबला हे चालून जातं, दिवसातून दहादा लागणाऱ्या न्हाणीघरातल्या ट्यूबला नाही.

आता आतल्या पाऱ्यामुळे ट्यूबच निरोप घेते आहे. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ साली जिनिव्हात तिच्यासाठी २०२७ची मुदत ठरवली. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये मात्र तीच डीसी करण्याची आणि वेगाने चालू-बंद करण्याची युक्ती आहे, आणि दुखणंही इलेक्ट्रॉनिक चोकाचंच: उष्णतेने सुकणारा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. बंद पडलेल्या एलईडी बल्बमध्ये अनेकदा एलईडी शाबूत असतात आणि हा कपॅसिटर फुगलेला असतो.